ड्रॉवरमधले फॉर्म

ताई,
स. न. वि. वि.

मी ५६ वर्षांचा. १९९१ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क-कम-कॅशियर म्हणून चिकटलो, आजही क्लार्कच आहे. चार वर्षांनी रिटायर होईन. सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातच झाली. तासगाव, मिरज आणि आता सांगली.

ऑफिसर प्रमोशनचं सर्क्युलर वर्ष-दोन वर्षांनी येत राहायचं. १९९९ ला पहिल्यांदा मनात आलं, पण मुलगा नुकताच झाला होता. २००३ मध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला. अकरा वर्षं ती अंथरुणावर होती, २०१४ ला गेली. मिसेस जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे बिऱ्हाड हलवायचा प्रश्नच नव्हता. मग मुलाची दहावी, बारावी, मग नोटाबंदी, मग बँकेचं मर्जर. दर वेळी फॉर्मची झेरॉक्स काढायचो आणि ड्रॉवरमध्ये ठेवायचो. शेवटची तारीख उलटली की पाठकोऱ्या बाजूवर कॅशची बेरीज करायचो. 'नको' असं एकदाही कुणाला लिहून दिलं नाही.

यंदा मे महिन्यात शाखेत नव्या मॅनेजर आल्या. २०१२ ला त्या अकोल्याहून क्लार्क म्हणून मिरजेला आल्या तेव्हा माझ्याच शेजारच्या काउंटरला होत्या. नोटा मोजायला, पाकिटाला (नोटांच्या गड्डीला) पट्टी लावायला मी शिकवलं. त्यांचा प्रमोशनचा पहिला फॉर्मही मीच बसून भरून घेतला. माझा तेव्हा ड्रॉवरमध्येच होता. आल्या दिवशी सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या, "सर माझे गुरू आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मी डबा रेकॉर्ड रूममध्ये खातो. त्यांची चार वर्षांची मुलगी अकोल्याला आजीकडे असते. जेवताना त्या तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलतात, तेही ऐकवत नाही.

मुलगा पुण्यात कंपनीत आहे. त्याला बेंगळुरूची ऑफर आली आहे, पगार जवळजवळ दीडपट. तो नको म्हणतोय. "तुमची शुगर, आईचे गुडघे, एवढ्या लांब कशाला जाऊ?" मी त्याच्यावर ओरडलो, "माझ्यासारखाच सडणार आहेस का?" तो म्हणाला, "तुम्ही आजीसाठी राहिलात असं तुम्हीच सांगत आलात ना?" मला उत्तर देता आलं नाही.

हिशोब मांडला तर एकच निर्णय धड झाला, १९९५ ला पीएफऐवजी पेन्शनचा ऑप्शन दिला. तोही आमच्या हेड कॅशियर काकांनी फॉर्म हातात कोंबला म्हणून. बाकी सगळं रोजच्या रोज हातातून निसटलं. माझं आयुष्य वाया गेलं का? आणि मुलाला काय सांगू?

एक वाचक, सांगली

*

नमस्कार.

तुमचं पत्र बरंच मोठं होतं, इथे कापून छापलं आहे. शाखेचं नाव आणि ओळख पटेल अशा खुणा गाळल्या आहेत. जे गाळलं त्यातलं काही उत्तरात येईल, कारण मला वाटतं तुमच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथेच पडली आहेत.

आयुष्य वाया गेलं का, याला मी हो किंवा नाही म्हणणार नाही. चालणारी नोट, मळकी नोट, फाटकी नोट वेगळी काढायची हे काम तुम्ही चौतीस वर्षं करताय, आणि इथे मात्र सगळी वर्षं एकाच पाकिटात बांधून माझ्यापुढे सरकवलीत. आधी पाकीट सोडू.

१९९९ सोडून द्या. तान्हं मूल घरात असताना बदलीची नोकरी नको वाटली, यात विचारण्यासारखं काही नाही.

२००३ ते २०१४. या काळात प्रमोशन घेतलं असतं तर काय झालं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, पण पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही म्हणून मी लिहिते. बहुतेक बँकांत क्लार्कचा ऑफिसर झाला की पहिली ऑर्डर घरापासून लांबची येते, आणि पुढे दर तीनेक वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. जिल्हा परिषदेची शिक्षिका काही नवऱ्यामागे परराज्यात बदली मागू शकत नाही. म्हणजे तुम्ही कुठल्या तरी गावी खोली घेऊन खानावळीत जेवला असतात आणि सांगलीत तुमच्या पत्नीने शाळा, लहान मुलगा आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई असं सगळं एकटीनं ओढलं असतं. किंवा त्यांनी नोकरी सोडली असती. अकरा वर्षांचा पश्चात्ताप करायचाच असेल तर आधी त्यांना विचारून या, की तुम्ही गेला असतात तर बरं झालं असतं का. प्रमोशनच्या आणि मुलाच्या हकिगतीत त्या दोनदाच येतात, एकदा शिक्षिका म्हणून आणि एकदा गुडघे म्हणून. मला ते खटकलं.

तेव्हा ही अकरा वर्षं चालणाऱ्या नोटांत टाका. तिथे तुम्ही काही गमावलं असेल, पण ते उघड्या डोळ्यांनी दिलेलं आहे.

आता २०१४ नंतर. इथे मी थांबणार आहे, कारण तुम्ही इथेच सर्वांत भरभर लिहिलंय. आईच्या आजारपणावर पानभर, आणि पुढची पाच-सहा वर्षं एका ओळीत: दहावी, बारावी, नोटाबंदी, मर्जर. दहावीचा अभ्यास मुलानं केला. नोटाबंदीच्या त्या दोन महिन्यांत बँकेत कुणालाच श्वास घ्यायला वेळ नव्हता हे मान्य, पण ८ नोव्हेंबर २०१६ च्या आधीही सर्क्युलर आलं होतं आणि नंतरही. तुम्हीच लिहिलंय की शेजारच्या काउंटरवरच्या मुलीचा फॉर्म त्या सुमाराला तुम्ही भरून घेतलात. म्हणजे फॉर्म कसा भरायचा, कधी द्यायचा, इंटरव्ह्यूला काय विचारतात, सगळं तुम्हाला ठाऊक होतं. आई गेली होती. मुलगा मोठा झाला होता. नकाराचं कारण संपलं आणि नकार तेवढा चालू राहिला.

का चालू राहिला? मला वाटतं त्या ड्रॉवरमुळे. फॉर्म आणायचा, झेरॉक्स काढायची, ठेवून द्यायचा, तारीख जाऊ द्यायची. यात कुठेही 'मी प्रमोशन नाकारलं' असा क्षण येतच नाही. निर्णय तर झालेला असतो, पण आपण घेतला असं वाटत नाही. तारखेनं घेतला, मार्च एंडनं घेतला, घरच्या परिस्थितीनं घेतला. नियम असा असता की ज्याला नको त्यानं दर वेळी स्वतःच्या हातानं लिहून द्यावं, 'मला प्रमोशन नको, कारण...', तर २००७ ला तुम्ही एका दमात लिहिलं असतंत, 'कारण आई'. २०१५ ला 'कारण' या शब्दापुढे पेन अडलं असतं. अडलेल्या पेनाचा उपयोग असतो. माणूस तिथे दोन मिनिटं बसतो आणि कदाचित लिहितो, 'कारण मला सांगली सोडवत नाही'. किंवा 'कारण मला जबाबदारीची भीती वाटते'. दोन्ही कारणं चांगली आहेत, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आणि मग त्या नकाराचा पुढे त्रास झाला नसता, झाला असता तरी इतका नाही.

म्हणून माझ्या हिशोबानं तुमच्या वाट्याला खरा पश्चात्ताप येतो तो एवढ्याच पाच-सहा वर्षांचा. तो आहे. मी तो पुसून देणार नाही. पण चौतीस वर्षांवर पसरून घेतलात तर तो तुमचा नाही.

पैशाचंही तसंच. टॉपला पोचलेल्या क्लार्कला स्टॅग्नेशन इन्क्रिमेंट (पगाराची श्रेणी संपल्यावरची वाढ) मिळतात, त्यामुळे नव्या स्केल वनच्या (ऑफिसरच्या पहिल्या पायरीवरच्या) पोराच्या तुम्ही फार मागे नसाल. पण २०१५ ला गेला असतात तर आज स्केल टू किंवा थ्रीला असण्याची शक्यता होती, आणि तुमची पेन्शन शेवटच्या १० महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्म्यावर ठरणार. बँकेतल्या पेन्शनीचा मूळ आकडा पुढच्या वेतनकरारांबरोबर वाढत नाही, हे तुमच्या युनियनचं जुनंच दुखणं. म्हणजे हा फरक जन्मभर राहील. एकदा कागदावर आकडा काढा. अंदाजानं मनात वाढणाऱ्या आकड्यापेक्षा तो नक्की लहान निघेल. शेजारी पत्नीची पेन्शनही लिहा. २००३ ला त्या नोकरीत होत्या, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या, म्हणजे जुनी पेन्शन. तुम्ही सांगलीत राहिलात म्हणून त्यांची ती नोकरी टिकली, हे त्याच कागदावर खाली लिहायला हरकत नाही.

१९९५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी पश्चात्तापावर एक निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी जास्त बोचतात, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या जास्त बोचतात. त्याचं एक कारण मला फार पटतं. केलेल्या गोष्टीचं जे व्हायचं ते होऊन जातं, त्याचं बिल येतं, भरतो, संपतं. न केलेल्या गोष्टीला शेवटच नसतो. तुमच्या मनातला तो ऑफिसर बघा. त्याला आडगावच्या शाखेत टाकलेलं नाही. त्याच्या सहीनं गेलेलं एकही कर्ज एनपीए, म्हणजे थकीत, झालेलं नाही. रिटायरमेंटच्या तोंडावर जुन्या प्रकरणात चार्जशीट हातात पडून पेन्शन अडकलेले ऑफिसर तुम्ही स्वतः पाहिले असतील. हा त्यांच्यातला नाही. तो फक्त केबिनमध्ये बसतो आणि लोक त्याला नमस्कार करतात.

आणि त्या केबिनपलीकडे तुमच्या पत्रात ऑफिसरकीचं काहीच नाही. मी दोनदा वाचलं. कर्ज प्रकरणं बघावीत, शाखा वाढवावी, असली एक ओळ सापडली नाही. उलट, छापताना मी जे गाळलं ते वाचण्यासारखं होतं. ऑगस्ट २०१९ च्या पुराचं तुम्ही लिहिलंय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर गावभागातल्या बायका चिखलानं चिकटलेल्या नोटांचे गोळे घेऊन काउंटरवर आल्या, आणि तुम्ही वर्तमानपत्र अंथरून पंख्याखाली एकेक नोट सोडवत बसलात. कुठली पूर्ण किमतीची, कुठल्या नोटेचा तुकडा निम्म्या किमतीत बसेल, हे तुम्हाला नुसतं बघून कळत होतं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला येणारे म्हातारे तुमच्याच काउंटरला रांग लावतात, ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी तुम्ही खाली येता, हेही लिहिलंय. हे लिहिताना तुमचं अक्षर मोठं झालंय. प्रमोशनवाल्या पानांवर ते बारीक आणि दाटीवाटीचं आहे. अक्षरावरून मी भविष्य सांगत नाही, पण दिसलं ते सांगते.

याचा अर्थ लावायचा तो तुम्ही लावा. माझ्या मते तुम्हाला त्या कामाची हुरहूर नाही, मानाची आहे. मानाची हुरहूर खोटी नसते, पण तिच्यावरचा उपाय निराळा असतो.

आता १९९५. तुम्ही म्हणता हा एकच निर्णय बरोबर आला, आणि लगेच त्याचं श्रेय काकांना देऊन मोकळे होता. चुकलेले सगळे माझे, जमलेला एक काकांचा. असा हिशोब टॅली होत नाही, दिवसाअखेर कॅश मिळवताना तुम्ही तो चालवून घेतला नसता. तेव्हाची परिस्थिती आठवा. बँकांत पेन्शनचे नियम नवे आलेले, मुदत ठेवींवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं, आणि पीएफची मोठी रक्कम एकदम हातात येणार असताना दरमहा थोडी थोडी पेन्शन कोण घेतो, असं शाखेतली चांगली हिशोबी माणसं म्हणत होती. त्यांनी पीएफ ठेवला. ती मूर्ख नव्हती. पुढे व्याजदर उतरले, माणसं जास्त जगायला लागली, आणि २०१० च्या करारानं पेन्शनचा दुसरा ऑप्शन मिळाला तेव्हा त्यांनी बँकेनं भरलेला पीएफचा वाटा परत करून, वर खिशातली भर घालून पेन्शन घेतली. तुम्ही १९९५ ला हे ओळखलं होतं का? नाही. काकांनी फॉर्म कोंबला, तुम्ही सही केली, चहाला गेलात. तुमच्या आयुष्यातला सर्वांत फायद्याचा निर्णय दिसायला अगदी ड्रॉवरमध्ये राहिलेल्या फॉर्मसारखाच होता. फरक एवढाच की त्या दिवशी शेजारी कुणीतरी उभं होतं.

२०१५ ला तुमच्या शेजारी तसं कुणी नव्हतं. तुम्ही मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी उभे राहिलात.

त्यावरून तुमच्या मॅनेजर मॅडम. 'सर माझे गुरू आहेत' हे वाक्य तुम्हाला टोमण्यासारखं लागलं, पण त्या मुलीचं तुमच्याविषयी तेच खरं मत असावं असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. घर सोडून तिनं प्रमोशन घेतलं आणि त्याची किंमत ती रोज दुपारी डबा खाताना फोनवर मोजते. तिची मुलगी लांब आहे म्हणून तुम्ही समाधान मानावं, असं मी सांगत नाही, तो नीचपणा होईल. पण तिची खुर्ची आणि तुमचं घर, दोन्ही एकाच माणसाला मिळत नाही हे तुम्ही रोज पाहताय, फक्त रेकॉर्ड रूममधून. तिचं अभिनंदन केल्याचं पत्रात कुठे नाही. करा. गिऱ्हाइकांसमोर 'मॅडम' म्हणा, जेवायला सगळ्यांबरोबर बसा. पहिले दोन-चार दिवस घास घशात अडकेल. आणि पुढचं सर्क्युलर आलं की केबिनमध्ये जाऊन तोंडानं सांगा, "मॅडम, मला द्यायचा नाही." द्यायचा असेल तर द्या, तुमच्या बँकेचे वयाचे नियम तुम्हीच बघा. पण ५७ व्या वर्षी, शुगर घेऊन, फक्त मुलाला काहीतरी दाखवायला परगावी जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, ते. कन्याकुमारीला जायचं पत्नीच्या मनात लग्नापासून होतं आणि एलएफसी (बँकेची प्रवासाची सवलत) तुम्ही दर वेळी एन्कॅश केलीत, म्हणजे फिरायला न जाता पैसे घेतलेत, हे तुम्ही सहज लिहून गेलात. डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन सुचवून दोन वर्षं झाली आणि 'मार्चनंतर बघू' म्हणताय, हेही. मार्च दरवर्षी येतो. रजा किती शिल्लक आहे हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय. रिटायर होताना २५५ दिवसांचीच एन्कॅश होते, त्यापुढचं कुणी बांधून देत नाही. जुन्या प्रमोशनवर रडताना तुम्ही याच आठवड्यात तसलाच दुसरा फॉर्म तारखेच्या हवाली करताय. ऑपरेशनचं आत्ता बघा. खर्च तुमच्या बँकेच्या मेडिक्लेममध्ये बसतो की त्यांच्या जिल्हा परिषदेच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीत, हे दोघंही नोकरीत आहात तोवर विचारून घ्या. रिटायर झाल्यावर मेडिक्लेमच्या हप्त्याचा भार आपल्या खिशावर येऊ शकतो. ऑपरेशन नकोच असं त्या म्हणाल्या तर तेही ठीक, पण त्या म्हणाल्या पाहिजेत.

आणि हे गुडघे आता फक्त त्यांचे राहिलेले नाहीत. मुलानं ते बेंगळुरूला न जाण्याच्या कारणांत घातलेत.

मुलानं विचारलं, 'तुम्ही आजीसाठी राहिलात ना?', आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही. उत्तर आहे, थोडं अवघड आहे एवढंच. "२०१४ पर्यंत आजीसाठी राहिलो. त्यानंतर का राहिलो ते मला नीट सांगता येत नाही. बहुतेक सवय, थोडी भीती, आणि थोडं हे की मला इथं आवडत होतं." एवढंच, पुढे उपदेश न जोडता. तो लहानपणापासून ऐकत आलाय की बाबा आजीसाठी राहिले. ती गोष्ट अकरा वर्षं खरी होती, तुम्ही ती तीस वर्षांना पुरवलीत. त्या पोरानं पाठ घेतला की चांगला मुलगा आईबापांसाठी घरी राहतो, आणि पाठ घेतला म्हणून तुम्ही त्याच्यावर ओरडलात. त्याला काय करावं कळेना झालं असेल तर नवल नाही. आधी ओरडल्याबद्दल 'चुकलं' म्हणा.

मग तुमच्याकडची खरी माहिती त्याच्यापुढे ठेवा. तुमची शुगर सध्या किती, औषध काय, डॉक्टर काय म्हणतात. आईच्या ऑपरेशनचं काय ठरलं, नंतरचे दोन महिने घरात कोण असणार, स्वयंपाकाला बाई, फिजिओथेरपीला कोण. तुमच्या आईची अवस्था अशी होती की ती 'तू जा, माझं मी बघते' म्हणूच शकत नव्हती. तुम्ही म्हणू शकता, आणि नुसतं म्हणण्यापेक्षा सोय करून दाखवू शकता. तुम्हाला ज्या काळी परराज्यात पाठवलं असतं त्या काळी घरी फोन करायचा म्हणजे एसटीडी बूथवर रांग असायची. त्याच्या बाबतीत मिरजेला राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली की दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरू. शुक्रवारी निघून शनिवार-रविवार सांगलीत काढणारी मुलं तुम्हाला त्या गाडीत भेटतील.

इतकं सांगून झालं की गप्प बसा. तो तरीही नको म्हणेल, तर त्यामागे आईबाप सोडून काहीतरी असू शकतं. पुण्यात एखादी मैत्रीण असेल, हातातलं काम आवडत असेल, बेंगळुरूचं ट्रॅफिक नको असेल. सव्वीस वर्षांच्या मुलाला ते बापाला सांगावंसं वाटेलच असं नाही, आणि आईबापांची तब्येत हे कुणी उलटतपासणी करू शकणार नाही असं कारण आहे, तुम्हीही ते वापरलंत. एकच विचारा: "आमचा प्रश्न नसता तर गेला असतास का?" उत्तर लगेच मागू नका. हो म्हणाला तर घरची सोय लावायला तुम्ही दोघं आहातच. नाही म्हणाला तर कंपनीला मुदतीच्या आत स्वच्छ शब्दांत नकार कळवायला सांगा, आणि पुन्हा तो विषय काढू नका. दिवाळीला नाही, गणपतीला नाही, त्याच्या मित्राला बढती मिळाली म्हणून तर मुळीच नाही. तुमची राहून गेलेली बदली त्याला काढायला लावू नका.

ऑफरची मुदत किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कंपन्या फार थांबत नाहीत, तेव्हा या शनिवारी रजा टाकून पुण्याला जा, फोनवर हे बोलू नका. पत्नीला बरोबर न्या. गुडघे त्यांचे आहेत, तर त्याबद्दल पहिलं त्यांनी बोलावं.